सकळ लिपीची किल्ली

पैनगंगेच्या दक्षिण काठाने आदिलाबाद जिल्ह्याची जी उत्तरेकडील किनार लागते, तिच्यात भीमपूर हे गाव आहे. २०१६ साली तेलंगण राज्याने आपल्या जिल्ह्यांची नवी मांडणी केली, तेव्हा ते मंडलाचे ठिकाण झाले. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. अलीकडे कचेरीतले कागद तेलुगूत आणि ओट्यावरचे बोलणे पुष्कळ घरांतून मराठीत. टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ नदी उतरून ह्या शिवारात येतात आणि परतही जातात. राज्यपुनर्रचना त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. माणसांच्या सोयरिकीही अशाच दोन्ही काठांना बांधलेल्या. पूर्वी जी खुशाली पोस्टकार्डाने किंवा येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून कळे, ती आता मोबाइलवरून कळते, एवढाच फरक.

त्या बाजूचे एक शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांची मुलगी पुण्यास शिकते. मध्यंतरी त्यांनी मला विचारले, "मुलीला मी व्हॉट्सअॅपवर पत्र लिहितो, त्याच्या माथ्यावर एक सूचना असते: हा मजकूर तुम्हां दोघांवाचून कोणालाही वाचता येणार नाही, आम्हांलासुद्धा नाही. आता, पत्र कंपनीच्या दारातून जाते आणि कंपनीलाच ते वाचता येत नाही, हे कसे? आणि ते खरे कशावरून?" मी म्हटले, "गुरुजी, ह्याचे अर्धे उत्तर तुमच्याच नदीच्या वरच्या अंगाला, माहूरच्या डोंगरावर आहे." त्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

माहूर आज नांदेड जिल्ह्यात आहे. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि माहूर किनवट तालुक्यात होते. म्हणजे भीमपूर आणि माहूर ही एकाच जिल्ह्यातली, एकाच नदीच्या आश्रयाची गावे. माहूर म्हटले की आपल्याला रेणुकामाता आठवते. पण महानुभाव पंथाच्या लेखी माहूर हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान आहे, पंचकृष्णांपैकी एकाचे. पंथाच्या ग्रंथांत ह्या डोंगराला सह्याद्री म्हणतात, घाटमाथ्यावरच्या सह्याद्रीशी त्याचा संबंध नाही. चौदाव्या शतकात रवळोबास ऊर्फ रवळोव्यास ह्या महानुभाव कवीने ‘सह्याद्रिवर्णन’ नावाचे काव्य रचले ते ह्याच स्थानाच्या महिम्यावर. आणि मराठी पोथ्या परक्यांना वाचता येऊ नयेत म्हणून पंथात जी सकळ लिपी रूढ झाली, तिचा कर्ता म्हणूनही परंपरा ह्याच रवळोबासांचे नाव घेते.

ह्या गोष्टीत एक विलक्षण विरोध आहे. महानुभाव पंथाने मराठीवर जे उपकार केले त्यांची गणती आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२७८ च्या आसपास, चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. हे काम वऱ्हाडात रिद्धपुरी झाले, आणि महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी हल्ली तेच गाव निवडले. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांचा विद्वान शिष्य केशिराज संस्कृतात ग्रंथरचना करू लागला तेव्हा आचार्यांनी त्यास आवरले. संस्कृत झाल्यास माझ्या म्हाताऱ्या अनुयायिनी नागवल्या जातील, असा त्यांचा आशय होता. ज्या पंथाने म्हाताऱ्यांना समजावे म्हणून मराठी धरली, त्याच पंथाने पुढे दोनतीन पिढ्यांच्या आत ती मराठी अशा अक्षरांत लिहिली की शेजारच्या पंडितालाही तिचा एक शब्द लागू नये.

असे का झाले? परंपरा सांगते की, लीळाचरित्राची मूळ पोथी एका धाडीत नष्ट झाली आणि अनुयायांना ती स्मरणावरून पुन्हा उभी करावी लागली. म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आज आढळतात. यादवांचे राज्य बुडाले होते, फौजा फिरत होत्या. पण परचक्र हे काही एकच कारण नसावे. वर्णाश्रमाची बंधने शिथिल मानणारा, स्त्रियांना संन्यास देणारा हा पंथ स्वकीयांच्याही रोषाला पात्र झालेला होता. शिवाय ब्रह्मविद्या ही अधिकार पाहून द्यावयाची वस्तू आहे अशी त्याची श्रद्धा होती. अभ्यासकांनी ह्यांपैकी कधी ह्या, कधी त्या कारणावर भर दिला आहे. मला वाटते, तिन्ही खरी असावीत. माणूस दाराला कडी घालतो तेव्हा चोर, चौकस शेजारी आणि आपली मर्यादा ह्या तिहींचाही विचार त्याच्या मनात असतो.

सकळ लिपी ही एकटी नव्हती. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा वीसपंचवीस लिपी पंथात निघाल्या. सर्वांत अधिक चालली ती सकळ. पंथाचे अनुयायी पुढे पंजाबात आणि त्याही पलीकडे पेशावर, काबूलपर्यंत गेले आणि त्यांच्या गाठोड्यांतून मराठी पोथ्याही गेल्या. काबूलच्या मठात मराठी वाचली जात होती आणि ती महाराष्ट्रातल्या शास्त्र्याला वाचता येत नव्हती, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा.

आता ह्या लिपीची युक्ती काय, ते पाहू. तत्त्व सोपे आहे: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह घालावयाचे. आपण सर्वांनी लहानपणी हा खेळ खेळलेला आहे. ‘कुठे जातोस’ ह्याऐवजी ‘चुठेक चातोसज’ म्हणणारी च ची भाषा, ही आपली पहिली गुप्तविद्या. ग्रंथात पाहू गेल्यास वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प नावाची एक कला गणली आहे, आणि त्याच्या ग्रंथावरील जयमंगला टीकेत मूलदेवीय नावाची एक पद्धत दिली आहे. त आणि प, न आणि म, ख आणि ग, च आणि ट, ल आणि स अशा जोड्या लावून त्यांची अदलाबदल करावयाची. ‘मन’ लिहावयाचे तर ‘नम’ लिहावे. ‘तूप’ हवे असल्यास ‘पूत’ मागावा. आणि ‘खत’, म्हणजे पत्र, लिहिले की त्याचे ‘गप’ होते, जे गुप्त पत्राला शोभूनच दिसते! कोणत्या अक्षराला कोणते अक्षर, ह्या ठरावाला किल्ली म्हणतात. सकळ लिपीची किल्ली गुरूकडून शिष्याला, माणूस पारखून, समोरासमोर मिळे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की मोडी हीसुद्धा गुप्त लिपी होती. ती तशी नव्हती. मोडी ही लेखणी न उचलता भराभर लिहिण्याची सोय होती आणि प्रत्येक कुळकर्ण्याला ती येत असे. आज आपल्याला ती वाचता येत नाही हा आपला दोष. आदिलाबाद जिल्ह्यातच ह्याचे याहूनही बोलके उदाहरण आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी गोंडी भाषेच्या एका स्वतंत्र लिपीतली हस्तलिखिते ह्या शतकाच्या पहिल्या दशकात अभ्यासकांपुढे आली, तेव्हा ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. २०१८ साली युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंचात तिला स्थान मिळाले आणि आता ती संगणकावर लिहिता येते. तिच्यावर कोणी कुलूप घातलेले नव्हते. वाचणारे सरत गेले, आणि दार आपोआप लागले. अनोळखी अक्षर आणि कुलूपबंद अक्षर ह्यांतला हा भेद लक्षात ठेवावा.

सकळ लिपीचे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी उघडले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे ह्यांना तिची किल्ली महंतांकडून मिळाली, आणि इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९१० च्या सुमारास ती स्वतंत्रपणे आपल्या बुद्धीने उकलली. एका वाटेने विश्वास आला, दुसरीने तर्क. त्यानंतर यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते ह्यांनी ह्या वाङ्मयाचा जो उद्धार केला, त्यामुळे मराठीचा इतिहास नव्याने लिहावा लागला. पाचशेहून अधिक वर्षे आपल्या भाषेचे आद्य गद्य आपल्याच भाषेच्या पंडितांना ठाऊक नव्हते!

किल्ली हाती नसता कुलूप कसे उघडते? त्याची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी ह्या पंडिताने लिहून ठेवली आहे. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत काना जितका येतो तितका उकार येत नाही. र, त, न पावलोपावली भेटतात, ङ जवळजवळ नाहीच. गुप्त लेखात कोणते चिन्ह किती वेळा आले हे मोजावे आणि भाषेच्या सवयीशी ताडून पाहावे. त्यातून ग्रंथ धर्माचा असला तर विशिष्ट नावे पुन्हा पुन्हा येणारच. लीळाचरित्रात चक्रधरांचा निर्देश ‘सर्वज्ञ’ असा पदोपदी होतो. असा एक शब्द ओळखता आला की त्यातली अक्षरे सुटतात, त्यांवरून शेजारचे शब्द सुटतात, आणि वीण उसवावी तसा सारा लेख उसवत जातो.

आता कालगणना करून पाहा. सकळ लिपी रचली गेली तेव्हा असली लिपी फोडण्याची विद्या जगात पाचशे वर्षे जुनी झालेली होती. तरीही लिपी टिकली. ती अभेद्य नव्हती. कोणी चिकाटीने तिच्यापुढे बसले नाही, इतकेच. महानुभावांच्या पोथ्यांचे रक्षण त्यांच्या लिपीने थोडे केले आणि लोकांच्या उदासीनतेने पुष्कळ केले.

ही उदासीनता आज आपल्या वाट्याला येणार नाही, आणि माझ्या मते ह्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. "मी साधा माणूस, माझी पत्रे वाचण्यात कोणाला गोडी?" असे पुष्कळ सज्जन म्हणतात. पूर्वी हे ठीक होते. पत्र फोडावयाचे म्हणजे कोणा माणसाने वाफेवर पाकीट धरावे, वाचावे, पुन्हा चिकटवावे. इतका उपद्व्याप मामलतदाराच्या पत्रासाठी होईल, शाळामास्तराच्या नव्हे. संगणकाला कंटाळा नाही आणि त्याची आवडनिवडही नाही. उघडी पडलेली लाखो पत्रे तो एका दमात चाळतो, आणि त्यातून बँकेचा खाते क्रमांक, आजाराचे नाव, मुलीचा परगावचा पत्ता निवडून काढतो. ज्याला भामटेगिरी करावयाची आहे त्याला तुमच्यात गोडी असण्याची गरजच उरलेली नाही.

तेव्हा कुलूप खरोखरीचे हवे. ते कसे असावे ह्याचा दंडक ऑग्युस्त केर्कहोफ्स ह्या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ साली पॅरिसच्या एका लष्करी नियतकालिकात घालून दिला. त्याचा भावार्थ असा की, गुप्त लेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती. म्हणून भाव्यांना एका पोथीचे रहस्य कळताच त्या लिपीतल्या साऱ्या पोथ्या एकदम उघडल्या. आजच्या पद्धती छापून प्रसिद्ध केलेल्या असतात, जगभरचे गणिती त्या फोडण्याचा उघड प्रयत्न करीत असतात, आणि त्यांतूनही जी टिकते ती वापरात राहते. किल्ली मात्र प्रत्येकाची निराळी, आणि शक्य किल्ल्यांची संख्या लिहावयाची झाल्यास अठ्ठ्याहत्तर आकडे लागतात. एकेक लावून पाहतो म्हणणाऱ्याला सूर्य विझेपर्यंत सवड मिळाली तरी पुरणार नाही.

परंतु एक अडचण उरतेच, आणि हजारो वर्षे ती कोणालाही सुटली नव्हती. महानुभाव गुरू शिष्याला समोर बसवून किल्ली देत. भीमपूरचे गुरुजी आणि पुण्याची मुलगी ह्यांनी किल्ली कशी द्यावीघ्यावी? संदेशाबरोबर पाठवावी तर वाटेत जो संदेश पाहील तो किल्लीही पाहील. ह्यावर १९७६ साली अमेरिकेत डिफी आणि हेलमन ह्या दोघांनी जो मार्ग दाखविला तो असा समजून घ्यावा. मुलीने एक कुलूप विकत आणले, दाबले की लागणारे. किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि उघडे कुलूप बसमधून वडिलांकडे पाठविले. वडिलांनी लोखंडी ट्रंकेत पत्र ठेवले, ते कुलूप दाबून लावले आणि ट्रंक परतीच्या बसवर चढविली. वाटेत ड्रायव्हरने, हमालाने, कोणीही कुलूप न्याहाळले तरी उपयोग नाही. लावणे सर्वांना येते, उघडणे एकटीला. किल्लीला प्रवास करावाच लागला नाही. लोखंडाच्या जागी गणित आहे, हाच काय तो भेद. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे संगणकाला सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे त्याच्याही आवाक्याबाहेरचे, ह्या तत्त्वावर रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन ह्यांनी १९७७ साली असे एक कुलूप प्रत्यक्ष घडविले. इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यातील एलिस, कॉक्स व विल्यमसन हे त्याआधीच काही वर्षे ह्याच ठिकाणी पोहोचले होते, पण खात्याने ते १९९७ पर्यंत गुप्त राखले आणि कीर्ती दुसऱ्यांना मिळाली. गुप्ततेचा हा दंड महानुभाव ग्रंथकारांनीही भोगलेला आहे.

हे कुलूप सरकारांच्या आणि पेढ्यांच्या हातून सामान्यांच्या हाती आले ते १९९१ नंतर. फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने टपालाला कुलूप घालणारी आपली पीजीपी ही प्रणाली फुकट वाटली. ती देशाबाहेर गेली, आणि तेथील कायद्याने असली साधने शस्त्रास्त्रांत मोडत असल्यामुळे त्याच्यामागे सुमारे तीन वर्षे चौकशी लागली. १९९६ साली ती सोडून देण्यात आली. मध्यंतरी प्रणालीचा सारा मजकूर पुस्तकरूपाने छापण्यात आला, कारण शस्त्र परदेशी नेण्यास बंदी असली तरी पुस्तक नेण्यास नव्हती! २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सअॅपवरील प्रत्येक खाजगी संदेशाला अशा जातीचे कुलूप आपोआप लागते. त्याची रचना सिग्नल नावाच्या दुसऱ्या संदेशसाधनाच्या कर्त्यांनी केलेली आहे. गुरुजींची कंपनी म्हणजे आपल्या दृष्टान्तातील बस आहे. ट्रंक तिच्या टपावरून जाते. किल्ली तिच्यापाशी नाही.

मग सर्व निर्धास्त झाले काय? गुरुजींनी हेच विचारले, आणि मी त्यांना जे सांगितले ते येथे थोडक्यात सांगतो. साधा एस्एम्एस् आणि साधे ईमेल ही पोस्टकार्डासारखी आहेत. वाटेतला माणूस मनात आणील तर वाचील. टेलिग्रामवरील नेहमीच्या संभाषणांनाही दोन टोकांचे कुलूप नसते, ते ‘सीक्रेट चॅट’ निवडल्यावरच लागते. एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यामागे ‘एचटीटीपीएस’ दिसले म्हणजे वाट सुरक्षित आहे एवढेच कळते. वाटेच्या शेवटी बसलेला दुकानदार प्रामाणिक आहे अशी ग्वाही त्यात नाही, आणि भामटेही हल्ली ते कुलूप लावूनच दुकान मांडतात. व्हीपीएन घेतला तर आपली वाटचाल एका मध्यस्थापासून झाकली जाऊन दुसऱ्याला दिसू लागते, तेव्हा तो दुसरा कोण हे आधी पाहावे.

आणि पोथीची नक्कल! लीळाचरित्राची पोथी धाडीत गेली, ह्याचा धडा म्हणून आपण मोबाइलमधल्या मजकुराची दुसरी प्रत दूरच्या साठवणीत ठेवतो. ठेवावीच. पण व्हॉट्सअॅपच्या त्या प्रतीला दोन टोकांचे कुलूप आपणहून लागत नाही. २०२१ पासून तशी सोय आहे, ती ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते आणि तिचा परवलीचा शब्द जपावा लागतो. गुरुजींनी ती केलेली नव्हती. मुख्य दाराला भक्कम कुलूप आणि परसदार सताड उघडे, असा तो प्रकार होता. त्याचप्रमाणे, पत्र पोहोचल्यावर ते फोनच्या पडद्यावर उघडेच असते. ज्याच्या फोनला आकडी संकेत नाही, जो ओटीपी विचारणाऱ्याला गोड बोलण्याला भुलून देऊन टाकतो, त्याला कोणत्याही गणितीचे कुलूप तारणार नाही. किल्ली आपल्या हाती असणे ह्याचा अर्थ ती आपल्या हातून जाऊ शकते, असाही होतो.

पाकिटावरचा पत्ता ही आणखी एक गोष्ट. मजकूर झाकला तरी कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळा लिहिले हे पाकिटावर उरते आणि ते मध्यस्थाला दिसते. पुष्कळदा तेवढ्यावरून लोक मजकुराचा तर्क करतात, आणि तो तर्क दुष्टच असतो. आपल्या भाषेत ह्याचा पुरावा आहे. ‘मानभावी’ हा शब्द आपण ढोंगी ह्या अर्थाने सहज वापरतो. तो महानुभाव ह्या नावावरून आला. पोथीत काय आहे ते ठाऊक नाही, पण ती लपवितात हे दिसते. तेवढ्यावरून एका सात्त्विक, अहिंसाव्रती पंथावर शतकानुशतके वाटेल ते किटाळ आले. पोथ्या उघडल्यावर आत सापडले काय? भिक्षेला गेलेल्या शिष्याची गोष्ट, हत्ती पाहणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टान्त, एका गुरूच्या बोलण्याचालण्याच्या लकबी. लपविणाऱ्यापाशी लपविण्याजोगे पाप असलेच पाहिजे, हा समज किती खोटा ठरू शकतो ह्याचे इतके मोठे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

तोच वाद आज कायद्याच्या दारी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने राष्ट्राच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी कुलूपबंद मजकूर उघडून मागण्याचा अधिकार सरकारला आहे. आणि २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना मजकुराचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले तेव्हा व्हॉट्सअॅपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. पोलिसांचे म्हणणे पोकळ नाही. मुलांना छळणारे आणि दंगल पेटविणारेही ह्याच कुलपांआड बसतात. तथापि ज्या कुलपाला सरकारसाठी दुसरी किल्ली आहे, ती किल्ली उद्या चोराच्या हाती लागणार नाही असे आश्वासन कोणत्याही गणित्याला देता आलेले नाही. मला स्वतःला दुसऱ्या किल्लीची भीती अधिक वाटते. हे माझे मत झाले; श्रोत्यांचे निराळे असू शकेल.

गुरुजींचा दुसरा प्रश्न राहिला: "खरे कशावरून?" वाटेत कोणी मुलीचे कुलूप काढून आपलेच कुलूप वडिलांकडे पोहोचविले तर? त्यासाठी व्हॉट्सअॅपवर त्या व्यक्तीच्या नावावर बोट ठेवले की ‘एन्क्रिप्शन’ ह्या शीर्षकाखाली साठ आकडे दिसतात, पाचपाचांचे बारा गट. दोन्ही फोनांवर तेच साठ आकडे असले तर मध्ये कोणी नाही. ते समोरासमोर ताडावेत, कारण फोनवरून ताडण्यात ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीला बोलाविल्यासारखे होते. म्हणजे सातशे वर्षांनी आपण पुन्हा गुरुशिष्यांसारखे समोर बसतो!

दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा गुरुजींनी ते केले. ओट्यावर तिघे बसली होती. मुलगी आपल्या फोनवरचे आकडे वाचत होती आणि गुरुजी आपल्या फोनवर बोट ठेवून हुंकार देत होते. सातव्या गटाशी चष्मा घसरला म्हणून त्यांनी फोन आपल्या आईच्या हाती दिला. म्हाताऱ्या बाईंना अक्षर बेताचेच येते, पण आकडे येतात. उरलेले पाच गट त्यांनी ताडले, आणि मग विचारले की ह्यात मुलीने पुण्यात काय खाल्ले तेही दिसते काय.